मजुरीची ओळ

सन्माननीय अध्यक्ष श्री. जयंतराव हुद्देदार, राजधानीतल्या कोपर्निकस मार्गावरून निघून बदरपूरची गर्दी पार करत आलेले आजचे प्रमुख पाहुणे श्री. सुधन्वा राजाध्यक्ष साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण सारे जमलो आहोत ते आमचे श्यामकांतकाका सबनीस, त्यांच्याइतक्याच आमच्या असलेल्या सुमित्राकाकू, आपल्या इथल्या मराठी मंडळाचे पदाधिकारी, आणि फेब्रुवारीतलं हे सुरेख ऊन बाहेर सोडून आत येऊन बसलेल्या माझ्या सर्व वडीलधाऱ्या आणि मित्रमंडळींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. माझ्याआधी बोलणाऱ्यांनी काकांची तीस वर्षांची ट्रॅक्टर कारखान्यातली नोकरी सांगितली, गणपतीतली त्यांची वर्गणीची वही सांगितली. मी या दोन्हींबद्दल बोलणार नाही. मी त्या कोपऱ्यातल्या टेबलाबद्दल बोलणार आहे. आज त्याच्यावर पुष्पगुच्छ ठेवलेत आणि पांढरी चादर घातली आहे. चादरीखाली ऑइलचा एक काळा डाग आहे. तो किती वेळा घासला, तरी गेला नाही. पाहुण्यांना तो डाग ठाऊक नसेल, म्हणून थोडं मागे जाते.

पाच-सात वर्षांपूर्वी आपल्या फरीदाबादमध्ये काय झालं, आठवतं ना? गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणाऱ्या लोकांच्या दारात बँकवाले स्वतःहून कर्जाचे फॉर्म घेऊन यायला लागले. नवे सेक्टर वसले. ज्यांच्या वडिलांनी कधी स्कूटर घेतली नव्हती, त्यांच्या घरासमोर मारुती उभी राहिली. आपण तिला हार घातले, तिच्यासमोर नारळ फोडला. पण बॉनेटच्या आत काय आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत होतं? मग पहिली दुरुस्ती निघाली, पहिलं बिल आलं, आणि घरोघरी एकच प्रश्न सुरू झाला: लुटलं का हो आपल्याला?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला काका दर रविवारी सकाळी दहा वाजता त्या टेबलाशी बसायला लागले. फी नाही, पाटी नाही. शर्टाच्या खिशात एक पेन्सिल, एवढंच. माणूस बिल पुढे करायचा. काका ते उलटं ठेवायचे आणि म्हणायचे, "बिल नंतर. गाडी काय म्हणत होती?"

म्हणजे गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायचा. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांनी तो काढलेला आहे. केंद्र सरकारचे उपसचिव या सभागृहात "घर्रर्र-टक, घर्रर्र-टक" करताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. मी तेव्हा शेजारच्या कपाटाशी मंडळाचं वाचनालय सांभाळायची आणि पुस्तकाआड तोंड लपवायची.

काकांचा दुसरा प्रश्न असायचा, "जुना पार्ट कुठे आहे?" नवा बसवला म्हणतात, तर जुना दाखवा. म्हणून लोक भाजीच्या पिशवीतून जुने पार्ट आणायला लागले. तो डाग त्यातूनच पडला. आणि तिसरा प्रश्न, "काम किती तास चाललं?" हा प्रश्न कुणालाच आवडायचा नाही, कारण याचं उत्तर कुणाकडेच नसायचं.

एकदा एकांनी काचेच्या दारांच्या नव्या वर्कशॉपचं कॉम्प्युटरवर छापलेलं तीन पानी बिल आणलं. छापलंय म्हणजे खरंच असणार, असं त्यांना वाटत होतं. काका म्हणाले, "छपाई सुरेख आहे. पण यात चार प्लग लावलेत आणि तुमच्या गाडीला तीनच लागतात." आणि एकदा उलटंही झालं. बिल अगदी चोख निघालं. काकांनी त्या गृहस्थांना सांगितलं, "मेकॅनिकला चार माणसांत चोर म्हणालात ना? आता चार माणसांत माफी मागून या." ते गेले. आज ते पहिल्या रांगेत बसलेत, म्हणून नाव घेत नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगायची की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला. माझे वडील म्हणाले, "नको सांगूस." काका म्हणाले, "आबांना विचार." म्हणजे मला कुणीच परवानगी दिलेली नाही. तरी सांगते.

माझे वडील शंकर वाघचौरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो. मूळचे सातारा जिल्ह्यातले. शिक्षण सातवी. सतरा वर्षं त्यांनी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त केल्या. नोकरी संपली तेव्हा गावी न जाता इथेच, मथुरा रोडच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं. लष्करात एक शिस्त होती: जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा मिळत नाही. ती त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की कुणी मागो न मागो, ते गिऱ्हाइकाला जुने पार्ट पुसून, कागदात गुंडाळून परत द्यायचे. पण लष्करात बिल नव्हतं. तिथे पगार होता. आपल्या हाताच्या कामाची किंमत कागदावर लिहायची वेळ त्यांच्यावर सतरा वर्षांत एकदाही आली नव्हती.

बिलं मी लिहायची. आबा सांगायचे आणि मी माझ्या सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायची. घरातली पहिली कॉलेजात गेलेली मुलगी मी. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. आबांना त्या अक्षराचा फार अभिमान. गिऱ्हाइकाला बिल देताना म्हणायचे, "पोरीनं लिवलंय."

सव्वातीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या रविवारी, आपल्या हेमलताताई त्या टेबलाशी आल्या. ताई, तुमची परवानगी मी काल फोनवर घेतली आहे, सगळ्यांना सांगून ठेवते. ताई शाळेत गणित शिकवतात, हे इथल्या मुलांना वेगळं सांगायला नको. त्यांच्या मारुतीचा क्लच आबांनी बदलला होता. बिल एक हजार आठशे पन्नास रुपयांचं. ताईंनी आधी आवाज काढून दाखवला. तो इतका हुबेहूब होता, की बाहेर कुणाची तरी गाडी सुरू झाली असं सुमित्राकाकूंना वाटलं. मग त्यांनी पिशवीतून जुने पार्ट काढले. काकांनी ते बघितले, मान डोलावली. मग बिल सरळ केलं आणि पेन्सिल काढली.

कश्मीरी गेटच्या पार्टांच्या बाजारातले भाव काकांना पाठ. प्रत्येक ओळीसमोर ते आकडा लिहीत गेले. क्लचचा सेट, बिलात साडेबाराशे, बाजारात नऊशे. बेअरिंग, बिलात अडीचशे, बाजारात एकशे ऐंशी. केबल दोनशेची एकशे तीस. ऑइल दीडशेचं एकशे तीस. मी कपाटाशी उभी होते. माझ्या हातात कुणाचं तरी परत आलेलं पुस्तक होतं आणि मला ते कपाटात ठेवता येईना.

काका म्हणाले, "हे बिल खोटं आहे."

"बघा!" ताई म्हणाल्या. "मी घरी म्हणतच होते. आपली माणसं म्हणून विश्वास टाकावा, तर..."

"थांबा ताई. बिल खोटं आहे. पण रक्कम मला खोटी वाटत नाही."

"म्हणजे काय, सबनीस? दोन्ही कसं होईल? गणितात असं चालत नाही."

"म्हणूनच मला आठवडाभर वेळ द्या." मग काकांनी इकडेतिकडे बघितलं. "हे अक्षर कुणाचं आहे?"

मी म्हणाले, "माझं."

सभागृहात त्या वेळी दहा-बारा माणसं होती. मी कपाटाला कुलूप लावलं आणि चालत घरी गेले. पाच किलोमीटर.

घरी मी आबांना सांगितलं. ते जेवत होते, ताटावरून उठले. "दे त्यांचे पैसे परत. सगळे दे. मी चोर नाही."

मी म्हणाले, "चोर नाही, मग तसं लिहायला का सांगितलंत? नऊशेचा सेट साडेबाराशेला! आणि माझ्या हातानं?"

माझी आई, भीमाबाई, चुलीपाशी नव्हे, गॅसपाशी होती, पण बोलणं चुलीच्या धगीचंच. ती म्हणाली, "पैसे परत करायचे नाहीत. परत केले, की चोरी कबूल केल्यावाणी होईल. आणि वृंदे, बापाला विचारायच्या आधी त्याच्या हाताकडं बघायचं होतंस."

मी तेव्हा फार तत्त्वनिष्ठ होते. म्हणजे, समोरच्याचं ऐकून न घेता तत्त्वनिष्ठ. मी आबांशी दोन दिवस बोलले नाही.

मंगळवारी सकाळी साडेनऊला काका गॅरेजवर हजर. रजा काढून आले होते. म्हणाले, "शंकरराव, आज क्लचचं काम आहे का?" होतं, सेक्टरमधल्याच एका मारुतीचं. काकांनी स्टूल मागितलं, मनगटावरचं घड्याळ सोडून मांडीवर ठेवलं आणि बसून राहिले. आबांच्या जोडीला बल्लभगढचा राजपाल मिस्त्री होता. तो मला हळूच म्हणाला, "बहनजी, ये बाऊजी क्या गाड़ी की कुंडली बना रहे हैं?"

दुपारी मी डबा घेऊन गेले, तर काका अजून तिथेच. गिअरबॉक्स खाली उतरवताना आबा गाडीखाली आडवे होते, तोंडावर धूळ पडत होती. एक नट गंजून बसला होता, त्यालाच पाऊण तास गेला. मी बावीस वर्षं त्या माणसाच्या घरात राहत होते आणि त्यांचं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत असं कधीच पाहिलं नव्हतं. ते संपेपर्यंत मी उभी राहिले.

काम संपलं. काकांनी घड्याळ हातात बांधलं. "शंकरराव, साडेपाच तास. दोन माणसं. हे सगळं तुम्ही क्लचप्लेटच्या पोटात का घालता?"

आबा हात पुसत राहिले. मग म्हणाले, "साहेब, पार्टचे पैसे लोकं देत्यात. हाताचे मागितले, की म्हणत्यात, आपल्या माणसाला मजुरी लावता होय? मंडळात सगळेच एकमेकांचं फुकट करत्यात. कुणी मांडव घालतो, कुणी जेवण रांधतो. मी मजुरी कशी लिवू? लाज वाटती. पण पोट तर आहे. मग पार्टमधी चढवतो. जास्त नाही घेत, साहेब. हिशेबानं घेतो."

"माहीत आहे," काका म्हणाले. "बाजारभाव वजा केला, तर तुमच्या हाताला पाचशे दहा पडतात. त्या काचेच्या वर्कशॉपात याच कामाचे आठशे लावतात. तुम्ही कमीच घेता. पण शंकरराव, खरी मेहनत खोट्या ओळीत लपवलीत, तर उद्या कुणी ओळ पकडेल आणि मेहनतही खोटी ठरवेल. रविवारी तेच होता होता राहिलं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्षर चांगलं आहे. आता नवं बिल लिही. मजुरीची ओळ सगळ्यात वर."

मंडळी, मी बी.कॉम.ला कॉस्टिंगचा पेपर दिला होता. मजुरी वेगळी दाखवायची, हे पुस्तकात पहिल्या धड्यात होतं. मला त्यात चांगले मार्क पडले होते. पण घरच्या बिलात ती ओळ नाही, हे मला तीन वर्षं दिसलं नव्हतं.

पुढच्या रविवारी काकांनी ताईंसमोर नवं बिल ठेवलं. मजुरी पाचशे दहा. सामान एक हजार तीनशे चाळीस. एकूण तेवढेच, एक हजार आठशे पन्नास. आबाही आले होते, दाराशी उभे होते, आत यायला तयार नव्हते.

"पाचशे दहा नुसती मजुरी?" ताई म्हणाल्या. "शंकरराव, आपल्याच माणसांना?"

आबांनी मान खाली घातली. काका म्हणाले, "ताई, तुम्ही संध्याकाळी शिकवणी घेता. मंडळातल्या मुलांचीही घेता. फी कशी घेता? पुस्तकाच्या किमतीत चढवता का?"

ताईंनी बिल पुढे ओढलं. गणिताच्या बाई आहेत, बेरीज दोनदा केली. मग म्हणाल्या, "हे बिल मला आवडलेलं नाही. पण मला ते समजलं." आणि दाराकडे बघून मोठ्याने, वर्गात हाक मारतात तशा, "शंकरराव, बाहेर काय उभे राहिलात? आत या, चहा होतोय."

पुढे सगळं गोड झालं, असं सांगितलं तर ते खोट्या ओळीसारखं होईल. मजुरीची ओळ बघून दोन घरं आमच्याकडे यायची बंद झाली. त्यांतलं एक अजून आलेलं नाही. आबा पहिले काही महिने ती ओळ सांगताना आवाज बारीक करायचे. पण लोक विचारायला लागले, "साडेपाच तास कशाला लागले?" आणि आबा सांगायला लागले. गंजलेला नट दाखवायला लागले. आपल्या कामाबद्दल बोलता येतं, हे त्यांना पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. मग राजपालचा पगार वाढला. शेडला पक्की जमीन झाली. मी पदवीधर झाले आणि आज एका विमा कंपनीच्या मोटार विभागात दिवसभर दुरुस्तीची बिलंच बघते. मुलाखतीत मला विचारलं होतं, बिल योग्य आहे की नाही हे कसं ठरवाल? मी म्हणाले, "आधी गाडी काय म्हणत होती ते विचारीन." साहेब लोक एकमेकांकडे बघायला लागले. पण घेतलं त्यांनी.

आता काका नाशिकला चालले. तर त्या टेबलाचं काय? कार्यकारिणीनं मला बसायला सांगितलं आहे. बैठकीत एकांनी शंका काढली, गॅरेजवाल्याचीच मुलगी बिलं तपासणार का? काही जणांना त्यांचं बोलणं लागलं. मला नाही लागलं. शंका अगदी योग्य आहे. म्हणून आज सर्वांसमोर सांगते: आमच्या गॅरेजचं एकही बिल मी तपासणार नाही. ती हेमलताताई तपासतील, त्यांनी कबूल केलं आहे. आणि त्या किती सोडतात, हे तुम्ही ऐकलंतच. बाकी बिलांना तेच तीन प्रश्न असतील. आवाज तोंडानेच काढावा लागेल. राजाध्यक्ष साहेब, आपल्यालाही सूट नाही. आपली गाडी मघाशी फाटकातून आत आली, तेव्हा काकांनी मान वळवली होती, ते मी पाहिलं.

गाड्या वाढतच जाणार आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवी वर्कशॉप उभी राहतायत. पैसे देणारा घाबरलेला आणि पैसे घेणारा शरमलेला, असंच सगळीकडे चालायला हवं का? मला वाटतं, नको. कुणी काय काम केलं, किती वेळ केलं, हे सरळ लिहिता आलं आणि सरळ वाचता आलं, तर माणसं एकमेकांकडे मान वर करून बघतील. हे फार मोठं स्वप्न आहे का? एका टेबलावर ते सव्वातीन वर्षं चाललं आहे.

काका, तुम्ही मंगळवारी तुमच्या फियाटनेच नाशिकला निघणार. काकूंचा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून गुरुवारी आबांनी गाडीचं काम केलं. ब्रेक, रेडिएटरचा पाइप, पंख्याचा पट्टा. मी ऑफिसात होते. आबा म्हणाले, "काकांना कसलं बिल?" मी म्हणाले, "काकांनाच तर बिल." म्हणून मंडळाच्या शालीबरोबर आमच्याकडून हे पाकीट. सामान मी लिहिलं आहे. मजुरीची ओळ मी लिहिलेली नाही. ती आबांनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे, आयुष्यात पहिल्यांदा. अक्षर जरा वाकडं आहे, सांभाळून घ्या. जुने पार्ट टेबलाखाली पिशवीत आहेत.

आता आभार. ज्यांनी मला बोलायची संधी दिली त्या अध्यक्षांचे, लांबून आलेल्या पाहुण्यांचे, आज स्वयंपाक करणाऱ्या आणि मांडव घालणाऱ्या प्रत्येकाचे. सुमित्राकाकूंचे तर किती मानू? रविवारची सकाळ ही काकूंची होती, ती त्यांनी आम्हाला...

काकांनी पाकीट उघडलंय, बोट वर करतायत. बोला ना, काका.

मागे ऐकू आलं नसेल, मी सांगते. काका म्हणतायत, "मजुरीचे चार तास लिहिलेत. गुरुवारी मी गॅरेजवर दहाला स्टुलावर बसलो, साडेचारला उठलो. अर्धा तास जेवण. सहा होतात. हे बिल खोटं आहे."

काका, ही चूक माझ्याकडून निसटली. आबा! ते बघा, शेवटच्या रांगेत, दाराशीच बसलेत. आबा, हसू नका, पुढे या. तुम्ही पुन्हा आपल्या माणसासाठी दोन तास गिळलेत, आणि तेही कुणापुढे? ताई, त्यांना जरा वाट द्या. काका पेन्सिल देत नाहीत, म्हणतायत शाईनेच खोडा. घ्या, हे माझं पेन.

मंडळी, ते लिहीपर्यंत माझं शेवटचं वाक्य सांगून टाकते. माझ्या बोलण्यात काही कमी लिहिलं गेलं असेल, कुणाच्या मेहनतीची ओळ राहून गेली असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा आणि पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता ती घेऊन त्या टेबलाशी या. मी दुरुस्त करून देईन.

झालं, आबा? दाखवा बरं सगळ्यांना. सहा तास. बरोबर आहे, काका?

काका हो म्हणतायत. धन्यवाद.